वेगवान गेममध्ये चित्र पुसट दिसतंय? नवा मॉनिटर घेण्याआधी हे करून पाहा

गणपतीत कुडाळला बहिणीकडे गेलो होतो. आरती झाली, जेवणं उरकली आणि भाचा मला हाताला धरून माडीवर घेऊन गेला. टेबलावर १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलू शकणारा मॉनिटर होता. मे महिन्यात देवगडला काकांच्या बागेत आंब्याच्या पेट्या भरून त्याने त्यासाठी पैसे जमवले होते. "मामा, पैशे पाण्यात गेले बघ," तो म्हणाला आणि व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम सुरू करून माऊस झटकन डावीकडे फिरवला. भिंतीवरच्या विटा ओल्या बोटाने शाई फिसकटावी तशा पसरल्या.

मी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं, तर मॉनिटर ६० हर्ट्झवर चालला होता. जूनपासून हा मुलगा १६५ चे पैसे मोजून ६० वर खेळत होता. ज्या दुकानातून घेतला, तिथे कोणी त्याला एवढं एक वाक्य सांगितलं नव्हतं. ते बदलायला एक मिनिट लागलं. त्यानंतरही थोडा पुसटपणा उरला होता, तो काढायला अर्धा तास गेला. तेच सगळं इथे क्रमाने लिहितो आहे. क्रम मुद्दाम ठेवला आहे: ज्याला पैसे लागत नाहीत आणि ज्याने सर्वांत जास्त फरक पडतो, ते आधी.

पुसटपणा येतो कुठून

तीन जागांहून येतो, आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. पहिला गेम स्वतःच चित्रात घालतो. दुसरा पॅनेलच्या, म्हणजे मॉनिटरच्या पडद्याच्या मंदपणामुळे येतो, कारण रंग बदलायला पिक्सेलला वेळ लागतो. तिसरा आपल्या डोळ्यात तयार होतो. हा तिसरा नवीन माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

कोकण रेल्वेने येताना खिडकीतून रुळाशेजारचे विजेच्या तारांचे खांब बघा. नजर एका जागी रोखून धरली, तर प्रत्येक खांब म्हणजे नुसती सर्रकन गेलेली रेघ. पण एकच खांब नजरेने पकडून त्याच्याबरोबर मान फिरवली, तर क्षणभर तो स्वच्छ दिसतो, त्यावरचा नंबरसुद्धा वाचता येतो. कारण खांब अखंड सरकतो आणि नजरही त्याच्याबरोबर अखंड सरकते.

स्क्रीनवर तसं होत नाही. पळणाऱ्या शत्रूमागे नजर अखंड सरकते, पण स्क्रीनवरचा शत्रू सरकत नाही. तो एका जागी थबकतो, मग एकदम पुढच्या जागी उमटतो, तिथे पुन्हा थबकतो. ६० हर्ट्झवर प्रत्येक थबकणं १६.७ मिलिसेकंदांचं असतं. तेवढ्या वेळात नजर पुढे गेलेली असते आणि चित्र मागे उभं असतं. मग ते चित्र डोळ्याच्या पडद्यावर फासलं जातं. समजा एखादी वस्तू सेकंदाला ९६० पिक्सेल या वेगाने जाते आहे. ६० हर्ट्झवर ती सुमारे १६ पिक्सेल फासली जाते, १२० वर ८, २४० वर ४. पॅनेल कितीही चपळ असलं तरी हा हिशोब सुटत नाही. ओएलईडी स्क्रीनचे पिक्सेल जवळपास तत्क्षणी रंग बदलतात, तरी ६० हर्ट्झवर पळतं चित्र तिथेही पुसटच दिसतं.

म्हणून सगळ्यात आधी रिफ्रेश रेट, म्हणजे हेच हर्ट्झ.

पहिली पायरी: मॉनिटर खरंच किती हर्ट्झवर आहे?

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, सिस्टीम, मग डिस्प्ले, आणि खाली अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे रिफ्रेश रेट निवडायचा रकाना आहे. त्यात मॉनिटरच्या खोक्यावर लिहिलेला सर्वांत मोठा आकडा दिसला, तर तो निवडा आणि विचारलं की कायम ठेवा. एकाहून जास्त स्क्रीन जोडलेल्या असतील, तर वर नेमकी कोणती निवडली आहे तेही बघा.

तो आकडा यादीतच नसेल, तर वायरीकडे वळा. टॉवरच्या मागे दोन ठिकाणी व्हिडिओची पोर्ट असतात: वर मदरबोर्डची, आणि त्याखाली आडव्या पट्टीत गेमची चित्रं बनवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची. केबल ग्राफिक्स कार्डालाच हवी. मग बघा की ती एचडीएमआय आहे की डिस्प्लेपोर्ट. जुन्या १.४ पद्धतीच्या एचडीएमआयवर फुल एचडी चित्र साधारण १२० हर्ट्झच्या आसपास अडकतं, आणि कित्येक मॉनिटरांच्या एचडीएमआय पोर्टची मर्यादा त्यांच्याच डिस्प्लेपोर्टपेक्षा कमी ठेवलेली असते. माहितीपुस्तिकेत कोणत्या पोर्टवर किती हर्ट्झ मिळतात याचा तक्ता असतो, तो एकदा वाचा. डिस्प्लेपोर्टची केबल खोक्यात आली असेल, तर तीच लावा. भाच्याची केबल खोक्यात पिशवीसकट पडून होती. त्याने जुन्या मॉनिटरचीच एचडीएमआय केबल काढून नव्याला लावली होती.

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मालवण, वेंगुर्ला, हर्णै अशा ठिकाणी खारी हवा घरात खेळते आणि वर्षा-दोन वर्षांत केबलच्या टोकांवरची चमक जाते. ६० हर्ट्झवर नीट चालणारी केबल १४४ वर नेली की स्क्रीन मधूनच काळी होते किंवा ठिपके चमकतात, तेव्हा कार्डाला दोष देण्याआधी मशीन बंद करून केबल काढून पुन्हा घट्ट बसवा. तरी तसंच झालं, तर दुसरी केबल लावून पाहा.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावून तपासा. बॅटरीवर आल्यावर बरेच लॅपटॉप आपण होऊन ६० वर उतरतात. पावसात लाईट गेली आणि खेळ अचानक पुसट झाला, तर त्याचं कारण बहुतेक हेच.

आता एफपीएस, म्हणजे कार्ड सेकंदाला किती चित्रं बनवतं ते. मॉनिटर सेकंदाला १६५ चित्रं दाखवू शकतो, पण कार्ड ७० च बनवत असेल, तर एकेक चित्र दोन-तीनदा दाखवलं जातं आणि थबकण्याचा काळ पुन्हा वाढतो. गेममधला एफपीएसचा आकडा चालू करा. कमी दिसला तर आधी सावल्या, मग प्रतिबिंबं, मग गवत-झाडी यांचा दर्जा खाली आणा. टेक्श्चर (पृष्ठभागांवरची नक्षी) कमी करून सहसा फारसा फायदा होत नाही, कारण त्याचा भार मुख्यतः कार्डाच्या मेमरीवर असतो. फ्रीसिंक किंवा जी-सिंक (मॉनिटरचा वेग कार्डाच्या वेगाशी जुळवणारी सोय) असेल तर चालू ठेवा आणि एफपीएसची कमाल मर्यादा रिफ्रेश रेटपेक्षा तीन-चारने कमी बांधा, म्हणजे १६५ च्या मॉनिटरला १६१ किंवा १६२. त्याने चित्र मधून फाटत नाही आणि माऊसला जडपणाही येत नाही.

दुसरी पायरी: गेमने स्वतः घातलेला धुरकटपणा

गेमच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये मोशन ब्लर नावाचा पर्याय शोधा आणि बंद करा. कॉल ऑफ ड्यूटीमध्ये आजूबाजूच्या जगासाठी एक आणि हातातल्या बंदुकीसाठी एक, असे दोन वेगळे पर्याय येतात. दोन्ही बंद करा. व्हॅलोरंटमध्ये शोधत बसू नका, तिथे तो नाहीच.

हा पर्याय कशासाठी दिला आहे तेही सांगतो, म्हणजे कुठे ठेवायचा ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चालतो, तरी हलताना तुटक वाटत नाही, कारण कॅमेऱ्यात प्रत्येक चित्र मुळातच थोडं फासलेलं टिपलं जातं. ३० एफपीएसवर चालणाऱ्या गेममध्ये तीच युक्ती वापरतात. कथेच्या, निवांत खेळायच्या गेममध्ये ते छान दिसतं आणि कोणाला आवडत असेल तर त्याने जरूर ठेवावं. पण समोरचा खेळाडू दाराआडून अर्धा दिसतो न दिसतो तोच गोळी चालवायची आहे, तिथे ते नको.

मोशन ब्लरच्या शेजारीच डेप्थ ऑफ फील्ड, फिल्म ग्रेन, क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन असतात; तेही चित्र मुद्दाम धूसर, दाणेदार किंवा कडांना रंगीत करतात. तीनही बंद. रिझोल्यूशन स्केल, म्हणजे चित्र किती बारकाव्याने बनवायचं ते, १०० च्या खाली गेलं असेल तर परत १०० वर आणा. डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी बारकाव्याचं चित्र बनवून मग मोठं करणारी सोय) वापरत असाल, तर परफॉर्मन्सऐवजी क्वालिटी निवडा. कडा मऊ करण्यासाठीची टीएए नावाची पद्धत मागच्या चित्रांतून माहिती घेऊन चालू चित्रात मिसळते, त्यामुळे पळताना पानं आणि जाळ्या धुरकट होतात. दुसरी पद्धत निवडायची सोय असेल तर ती लावून पाहा. नसेल तर शार्पनिंग किंचित वाढवा. फार वाढवलं तर प्रत्येक कडेभोवती पांढरी रेघ येते आणि ती आणखी त्रास देते.

तिसरी पायरी: ओव्हरड्राइव्ह

लोक जिथे सर्वांत जास्त चुकतात ती जागा ही. खोक्यावर पिक्सेलचा रंग बदलायचा वेळ म्हणून १ मिलिसेकंद छापलेलं असतं, म्हणून मेनूमधला सर्वांत वरचा पर्याय निवडतात आणि चित्र आधीपेक्षा वाईट करून ठेवतात.

एलसीडी पॅनेलमधले द्रवस्फटिक विजेच्या दाबाने वळतात आणि वळायला वेळ घेतात. नवं चित्र आलं तरी जुन्याची सावली थोडा वेळ मागे राहते, यालाच घोस्टिंग म्हणतात. ओव्हरड्राइव्ह म्हणजे स्फटिकांना गरजेपेक्षा जास्त दाब देऊन लवकर पोहोचवणं. मालवणच्या धक्क्यावर होडी लावताना बघितलं असेल. हळू आणली तर लागायला वेळ जातो. नेमका जोर दिला तर अलगद येऊन टेकते. जोर जास्त झाला तर धक्क्यावर आपटते आणि मागे जाते. पिक्सेलही जास्तीच्या जोराने हव्या त्या रंगाच्या पलीकडे जातो आणि मग परत येतो. तेव्हा वस्तूच्या मागे गडद सावलीऐवजी फिकट, चमकती कड दिसते. ती दिसली की जोर जास्त झाला म्हणून समजा.

हा पर्याय विंडोजमध्ये नसतो. मॉनिटरच्या मागे किंवा खाली असलेल्या बटणाने उघडणाऱ्या मेनूत असतो, आणि प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. एलजी आणि सॅमसंगच्या मेनूत रिस्पॉन्स टाइम म्हणून बघा, एसर आणि एओसीच्या मेनूत ओव्हरड्राइव्ह, बेनक्यूच्या मेनूत एएमए. पातळ्या बहुधा तीन-चार: ऑफ, नॉर्मल, फास्ट, फास्टर किंवा एक्स्ट्रीम अशा.

तपासायचं असं. ब्राउझरमध्ये ब्लर बस्टर्सची यूएफओ टेस्ट उघडा आणि पूर्ण स्क्रीन करा. उडत्या तबकड्यांच्या दोन-तीन ओळी दिसतील. ज्या ओळीवर सर्वांत मोठा एफपीएसचा आकडा लिहिला आहे, त्या तबकडीमागे नजर फिरवा. नजर एका जागी ठेवून बघितलंत तर काहीच कळणार नाही. आता मॉनिटरचा मेनू उघडून ओव्हरड्राइव्ह ऑफवर आणा. तबकडीच्या मागे काळपट शेपूट दिसेल. एक पातळी वाढवा, शेपूट आखडेल. आणखी वाढवा. ज्या पातळीवर शेपटाच्या जागी फिकट कड दिसू लागते, तिच्या एक पायरी खाली या आणि तिथेच थांबा. बहुतेक मॉनिटरांवर ही जागा मधली असते.

भाच्याच्या मॉनिटरवर एक्स्ट्रीम होतं. तबकडीच्या कडेला पांढरट वलय इतकं स्पष्ट होतं, की खालचे पाय दोन-दोन दिसत होते. नॉर्मलवर आणल्यावर वलय गेलं, मागे केसाएवढी सावली राहिली. "ह्या आधी का नाय सांगितलंस?" एवढंच तो बोलला आणि खुर्ची पुढे ओढून बसला.

फ्रीसिंक चालू असेल, तर एक खबरदारी घ्या. १६५ एफपीएसवर योग्य वाटलेली पातळी एफपीएस ७०-८० वर आला की जास्त होऊ शकते. ज्या गेममध्ये तुमचा एफपीएस खालीवर होतो, तो प्रत्यक्ष खेळून बघा, आणि तिथे वलय दिसलं तर आणखी एक पायरी उतरा.

पॅनेल व्हीए प्रकारचं असेल, तर अंधाऱ्या दृश्यात काळ्या रंगाचे डाग मागे ओघळताना दिसतील. काळ्यावरून करड्यावर येताना या पॅनेलचे पिक्सेल फार मंद असतात, आणि ओव्हरड्राइव्हने ते पूर्ण जात नाही. मॉनिटरमध्ये ब्लॅक इक्वलायझर किंवा शॅडो बूस्ट अशा नावाचा पर्याय असेल तर एक-दोन पायऱ्या वाढवा. गडद भाग थोडा उजळला की डाग कमी होतात. काळा रंग थोडा फिका पडेल, पण नेमबाजीच्या गेममध्ये ते परवडतं. नवीन मॉनिटर घ्यायचाच असेल आणि मुख्यतः असेच गेम खेळायचे असतील, तर माझ्या मते आयपीएस प्रकारच्या पॅनेलचा बघावा.

थंडीत द्रवस्फटिक आणखी मंद होतात. त्या बाबतीत कोकणातल्या माणसाला काळजी नाही.

चौथी पायरी: बॅकलाइटची उघडझाप

जूनच्या पहिल्या वादळी पावसात रात्री वीज चमकते, तेव्हा अंगणातला माड बघा. वाऱ्याने झावळ्या पिसाटल्यासारख्या हलत असतात, पण विजेच्या त्या क्षणी प्रत्येक पाती कोरल्यासारखी स्थिर दिसते. प्रकाश इतका थोडा वेळ असतो, की फासलं जायला अवकाशच मिळत नाही.

काही मॉनिटर नेमकं हेच करतात. प्रत्येक चित्राच्या वेळी बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, क्षणभर पेटवतात आणि बाकी वेळ बंद ठेवतात. चित्र थबकून उभं आहे हे डोळ्याला दिसतच नाही, आणि वर सांगितलेला तिसरा पुसटपणा जवळपास जातो. एनव्हिडियाचं यूएलएमबी, आसुसचं ईएलएमबी, बेनक्यूचं डायएसी ही याचीच नावं. एलजीच्या मेनूत वन एमएस मोशन ब्लर रिडक्शन असं लिहिलेलं असतं.

याची किंमत मात्र मोजावी लागते. स्क्रीन बरीच अंधारते, म्हणून खिडकीतून ऊन येणाऱ्या खोलीत दुपारी त्याचा उपयोग नाही. बहुतेक मॉनिटरांवर ते चालू केलं की फ्रीसिंक बंद होतं. आणि एफपीएस रिफ्रेश रेटला सतत बरोबरीने टिकला पाहिजे. खाली गेला तर प्रत्येक वस्तू दोन-दोन दिसते. म्हणून १६५ च्या मॉनिटरवरही १२० हर्ट्झ निवडून हा पर्याय लावून पाहा. कार्डाला १२० टिकवणं सोपं जातं आणि पिक्सेलला रंग बदलायला थोडा जास्त वेळ मिळाल्याने दुहेरी कडही कमी होते.

उघडझाप डोळ्यांना जाणवत नसली तरी काहींचं डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात. पहिल्या दिवशी वीस मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. अर्धशिशीचा त्रास असेल, किंवा घरात कोणाला चमकत्या प्रकाशाने फिट येत असेल, तर हा पर्याय वापरूच नका. खेळातला कोणताही फायदा त्यापेक्षा मोठा नाही. भाच्याच्या मॉनिटरवर आम्ही चालू करून पाहिलं, त्याला अंधार आवडला नाही, बंद केलं. ओव्हरड्राइव्ह आणि १६५ हर्ट्झ त्याला पुरले.

टीव्ही किंवा मोबाईलवर खेळत असाल तर

टीव्हीवर गेम मोड चालू करा. बहुतेक टीव्हींवर त्याने मधली चित्रं बनवून घालणारी सोय आपोआप बंद होते. झाली नाही तर हाताने बंद करा. एलजीत ती ट्रूमोशन या नावाखाली असते, सोनीत मोशनफ्लो. ती क्रिकेट बघायला ठीक आहे, पण खेळताना बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंत वेळ लावते. पीएस ५ असेल आणि टीव्ही १२० हर्ट्झचा असेल, तर स्क्रीन अँड व्हिडिओमध्ये व्हिडिओ आउटपुटखाली १२० हर्ट्झचा पर्याय ऑटोमॅटिकवर ठेवा. गेममध्ये परफॉर्मन्स मोड मिळत असेल तर तोच घ्या. ३० एफपीएसच्या सुंदर चित्रापेक्षा ६० एफपीएसचं साधं चित्र पळताना जास्त स्वच्छ दिसतं.

मोबाईलवर डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ९० किंवा १२० वर आहे का बघा. बॅटरी सेव्हर चालू असेल तर कित्येक फोन स्वतःहून ६० वर येतात. बीजीएमआयसारख्या गेममध्ये फ्रेमरेट वेगळा निवडावा लागतो, आणि ग्राफिक्सचा दर्जा खाली आणल्याशिवाय वरचे फ्रेमरेट निवडता येत नाहीत. एप्रिल-मेच्या उकाड्यात फोन तापला की वेग आपोआप उतरतो. कव्हर काढा, पंख्याखाली बसा आणि चार्जिंगला लावून खेळू नका.

झाल्यावर लिहून ठेवा

ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अपडेट झाला, केबल काढून लावली किंवा विंडोज नव्याने घातलं, की रिफ्रेश रेट गुपचूप ६० वर जाऊ शकतो. मॉनिटरचा मेनू कोणी रीसेट केला तर ओव्हरड्राइव्हही मूळ जागी जातं. म्हणून मी भाच्याला एक चिठ्ठी करायला सांगितली: डिस्प्लेपोर्ट, १६५ हर्ट्झ, ओव्हरड्राइव्ह नॉर्मल, कमाल एफपीएस १६१, मोशन ब्लर बंद. ती त्याने मॉनिटरच्या मागे हवेची भोकं सोडून चिकटवली आणि तिचा फोनवर फोटोही काढून ठेवला. आमच्याकडे पावसात चिकटपट्टी एका आठवड्यात सुटते.